सही केली म्हणजे अडकलो का?

प्रश्न : वडिलांना (वय ६२) मधुमेह आहे. रुग्णालयात नव्या औषधाच्या चाचणीसाठी संमतीपत्र दिलंय. सही केली की मधेच सोडता येत नाही आणि नकार दिला तर नेहमीचे उपचार थांबतात, असं शेजारी म्हणतात. काय करावं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : दोन्ही समज चुकीचे आहेत. वडील चाचणीतून केव्हाही, कारण न देता बाहेर पडू शकतात. नकार दिल्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. फक्त औषध परस्पर बंद करू नका, आधी डॉक्टरांना सांगा.

आजच सही करण्याची घाई नको. कागद घरी आणा, वडिलांना वाचून दाखवा. निर्णय त्यांचा आहे, तुमचा नव्हे. चाचणी म्हणजे उपचार नव्हेत, ते संशोधन आहे. कदाचित त्यांच्या वाट्याला नवं औषध येणारही नाही. म्हणून एक प्रश्न जरूर विचारा : सध्याच्या गोळ्या चालू राहणार का? साखर अचानक वाढली तर रात्री फोन कुणाला करायचा, हेही लिहून घ्या.

२०१९ च्या केंद्रीय नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई मिळते. माहितीपत्रक व सही केलेल्या संमतीपत्राची प्रत मिळायलाच हवी. माहितीपत्रकात नैतिकता समितीचा संपर्क असतो. कुणी दबाव आणला तर तिथे निःसंकोच तक्रार करा.