नव्या रायफलीचा ताठ बोल्ट

तेरीज जुळली नाही की फरकाची रक्कम सस्पेन्स खात्यात टाकून मोकळे व्हावे, हा मोह आम्हा वाणिज्य शाखेच्या मुलांना नेहमीच होतो. चूक मात्र वहीत तशीच राहते. हाच धडा मला गेल्या डिसेंबरात एन.सी.सी.च्या शिबिरात एका रायफलीने शिकविला.

पहाटेची थंडी होती. पॉइंट टू-टूच्या नव्या कोऱ्या रायफली नुकत्याच पेटीतून निघाल्या होत्या. 25 यार्डांवर लक्ष्य, प्रत्येकाला पाच गोळ्या. पहिली गोळी झाडली आणि बोल्टचा दांडा मागे येईना. हात वर केला तर सगळे हसतील, म्हणून मी रायफल तिरकी करून जोर लावला. नळी डावीकडे, शेजारी पडून नेम धरणाऱ्या मित्राकडे वळली, याचे मला भानच नव्हते. उस्तादांनी झडप घालून नळी लक्ष्याकडे दाबली व एकच शब्द उच्चारला, "सावकाश!" आपल्या भागात हा शब्द कन्नडात आणि मराठीत सारखाच आहे, समजून घ्यायला दुभाषा लागला नाही.

नंतर उस्तादांनी जे समजावले, ते क्रमाने देतो.

पहिली गोष्ट सुरक्षिततेची. बोल्ट अडला की नळी लक्ष्याकडेच ठेवावी, बोट घोड्यावरून काढावे, हात वर करावा. मॅगझिन काढून चेंबर रिकामे झाल्याची खात्री उस्तादच करतील.

दुसरी, दोष कोठे आहे ते शोधणे. रिकाम्या रायफलीचा बोल्ट सहज चालतो, पण काडतूस असताना अडतो, तर दोष चेंबरमध्ये किंवा काडतुसात. या काडतुसाच्या शिशाच्या गोळीवर मेणासारखे वंगण असते. ते काजळीत मिसळून चेंबरमध्ये साचते. शिवाय याचा पेटणारा मसाला बुडाच्या कडेत असतो. म्हणून अर्धवट बसलेल्या काडतुसावर बोल्ट आपटणे धोक्याचे.

रिकामी असतानाही बोल्ट ताठच असेल, तर नव्या रायफलीत बहुधा कारण साठवणीच्या ग्रीसचे. गंज चढू नये म्हणून लावलेले हे ग्रीस थंडीत घट्ट होते. ते कोरड्या फडक्याने पूर्ण पुसावे, मग तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा. जास्त तेल नको. आपल्या भीमाकाठच्या काळ्या मातीची धूळ त्यात बसली की चिखलच होतो. झाडण्यापूर्वी नळी व चेंबर मात्र कोरडे हवे.

तिसरी, नवेपणाची. घासणारे पृष्ठभाग अजून एकमेकांना सरावलेले नसतात. रिकामा बोल्ट पुष्कळ वेळा मागेपुढे केला की ते सरावतात. दांडा उचलताना ज्या रायफलीत आतली स्प्रिंग दाबली जाते, तिथे थोडा ताण राहणारच. तो दोष नव्हे. एकाच जागी चकचकीत ओरखडा दिसला, तर ते काम आर्मोररचे. आपण कानस लावू नये.

थंडीपुढे मोठ्या रायफलीही अडतात. पुण्याच्या संरक्षण संशोधन संस्थेत आराखडा झालेल्या इन्सास रायफलीबद्दल 1999 च्या कारगिल युद्धात, उंचावरच्या थंडीत, अडकण्याच्या व मॅगझिन तडकण्याच्या तक्रारी आल्या होत्या. तिथे तर समोर शत्रू होता.

माझ्या रायफलीचे ग्रीस पुसले, चेंबर साफ केले. दुपारी तोच बोल्ट दोन बोटांनी मागे आला. उरलेल्या चार गोळ्यांपैकी दोनच लक्ष्यावर लागल्या. त्याचे वाईट वाटले नाही. सकाळी माझी नळी जिकडे वळली होती, तो मित्र त्या दुपारी माझ्या शेजारीच जेवायला बसला होता. त्याने मला काही विचारले नाही. मीच त्याला सगळे सांगितले. हसणाऱ्यांना हसू द्यावे, पण हात वर करावा.