मुलींचे अनुभव मुलींनीच नोंदवावेत

सातारा जिल्ह्यातील नायगावच्या कन्या सावित्रीबाई व त्यांचे पती जोतीराव फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिने १८५५ साली मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो ‘ज्ञानोदय’ पत्रात प्रसिद्ध झाला. ज्यांनी दुःख भोगले त्यांनीच त्याची नोंद घ्यावी, ही परंपरा आपल्याकडे अशी जुनी आहे. मुंबईच्या ‘पुकार’ संस्थेने युवा अध्येतावृत्तीद्वारे तरुणांच्या गटांना स्वतःच्याच जीवनातील प्रश्नांचा वर्षभर अभ्यास करावयास लावले, ते याच विचाराने. मोबाईलवरून मुलींना होणाऱ्या उपद्रवाचा शोध घेण्यासाठी फलटण तालुक्यातही ही पद्धत अवलंबिण्याजोगी आहे.

समवयस्क का हवी?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात इंटरनेट कधी तरी वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण ३८ टक्के, तर पुरुषांचे ६१.५ टक्के होते. पुष्कळ घरांत मुलीच्या हाती मोबाईल येतो तो अटी घालूनच. म्हणून कोणी तिच्या नावे बनावट खाते उघडले, छायाचित्रात फेरफार करून ते पसरविले वा धमकी दिली, तरी ती घरी बोलत नाही. मोबाईल जाईल, महाविद्यालय सुटेल, लग्नाची घाई होईल, ही तिची भीती असते. अधिकाऱ्याच्या प्रश्नास ती ‘काही नाही’ असे उत्तर देते. तरडगाव, बरड वा गिरवीहून एस. टी. ने सोबत येणारी मैत्रीण मात्र तिला कोणत्या शब्दांत विचारावे हे जाणते. शब्दांचे हे महत्त्व फलटणला नवे नाही. येथील बोलीच्या विविधतेवर मॅक्सीन बर्नसन यांनी प्रबंध लिहिलेला आहे. प्रश्नावली पुस्तकी भाषेत न करता मुलींकडूनच तयार करून घ्यावी.

घ्यावयाची दक्षता

१. संशोधिका व माहिती देणारी, दोघीही अठरा वर्षे पूर्ण केलेल्या असाव्यात. अठरा वर्षांखालील मुलीवर लैंगिक अपराध झाल्याचे कळल्यास २०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्यान्वये पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे. यास्तव गुप्ततेचे सरसकट वचन देऊ नये. ही मर्यादा मुलाखतीपूर्वीच सांगावी.

२. नाव, खाते वा क्रमांक लिहू नये. आक्षेपार्ह छायाचित्र पाहावयास मागू नये, त्याची प्रतही ठेवू नये.

३. एखाद्या गावातून तीनच मुली महाविद्यालयात जात असतील, तर त्या गावाचे नाव छापणे म्हणजे मुलीचेच नाव छापणे होय. अहवालात गावांचे गट करावेत.

४. ऐकणाऱ्या मुलीच्या मनावरही भार पडतो. दर आठवड्यास तिच्याशी बोलणारी एखादी अनुभवी शिक्षिका वा समुपदेशिका असावी. प्रवासखर्च व मानधन द्यावे. हे श्रमदान समजू नये.

५. मदतीचे मार्ग प्रत्येकीस लेखी द्यावेत : महिलांसाठी १८१, बालकांसाठी १०९८, सायबर गुन्ह्यांसाठी १९३०. स्त्रीने स्पष्ट नकार दिल्यावरही वारंवार संपर्क साधणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, हेही सांगावे.

निष्कर्ष कोणाचे?

अहवाल प्रथम माहिती देणाऱ्या मुलींना वाचून दाखवावा आणि त्यांना नको असलेला मजकूर गाळावा. त्यानंतर तो महिला सभेत व मग ग्रामसभेत ठेवावा. मुलींचे मोबाईल काढून घेण्याचा ठराव झाला, तर हा सारा अभ्यास त्यांच्याच विरुद्ध वापरला गेला असे होईल आणि पुन्हा कोणतीही मुलगी तोंड उघडणार नाही. तक्रार करणाऱ्या मुलीचे शिक्षण थांबणार नाही, असे पालकांनी, शाळेने व पंचायतीने मिळून जाहीर करावे. मुली बोलू लागण्यासाठी पहिली आवश्यकता हीच आहे.