भातातून पोटात जाणारे आर्सेनिक

जागतिक आरोग्य संघटनेनुसार पिण्याच्या पाण्यात आर्सेनिक लिटरला १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे. पश्चिम बंगाल व बांगलादेशातील अनेक कूपनलिकांत ते जास्त आहे. अंगावर काळे ठिपके, तळहात-तळपाय खरखरीत होणे ही विषबाधेची लक्षणे. पुढे कर्करोगही संभवतो.

पिण्याचे पाणी बदलले तरी दूषित पाणी भातशेतीला जातच राहते. खाचरात पाणी साचले की चिखलातील प्राणवायू संपतो. मग जिवाणू लोहाच्या गंजाला चिकटलेले आर्सेनिक मोकळे करतात. मुळांवरचा तांबूस थर थोडे अडवतो. बाकीचे रोपात शिरून दाण्यापर्यंत पोचते. खाचर अधूनमधून सुकू दिल्यास हे प्रमाण घटते.

अशा भागात तांदूळ सुरक्षित पाण्याने धुवावा, भरपूर पाण्यात शिजवून जादा पाणी ओतून टाकावे. लक्षात ठेवा, पाणी उकळल्याने आर्सेनिक जात नाही.