चैत्रगौरीची आरास

चैत्र लागला की कोकणपट्टीत उन्हाचा ताप वाढू लागतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी, खाडीच्या काठी वसलेल्या पनवेलची हवा मुळातच दमट. बसल्या जागी अंगाला घामाच्या धारा लागतात. परंतु याच दिवसांत आंब्याची झाडे कैऱ्यांनी लवतात आणि बाजारात कलिंगडांच्या राशी पडतात. वैशाखात भोवतालच्या डोंगरांतील आदिवासी स्त्रिया करवंदांच्या पाट्या घेऊन पनवेलच्या बाजारात येतात. उन्हाच्या तापावरचा उतारा निसर्गाने असा उन्हाळ्यातच ठेवला आहे. तो शेजाऱ्यापाजाऱ्यांसह वाटून घेण्याचा सोहळा म्हणजे चैत्रगौरीचे हळदीकुंकू.

चैत्र शुद्ध तृतीयेस गौर माहेरी येते, असे मानतात. घासूनपुसून लख्ख केलेल्या झोपाळ्यात तिला बसवतात. वैशाख शुद्ध तृतीयेपर्यंत, म्हणजे अक्षय्यतृतीयेपर्यंत, तिचा मुक्काम असतो. या महिन्यात सोयीचा दिवस पाहून, बहुधा मंगळवारी वा शुक्रवारी, संध्याकाळी हळदीकुंकू करतात. तोवर परीक्षा आटोपून मुलांना सुटी लागली असेल, तर आरास मांडण्यास घरातील लहानथोर सगळेच हात लावतात.

आरास मांडणे हे निगुतीचे काम आहे. प्रथम पाट व डबे एकावर एक रचून पायऱ्या करतात आणि त्यांवर धुतलेले पांढरेशुभ्र वस्त्र अंथरतात. सर्वांत वर गौरीचा झोपाळा. लाडू, करंज्या, चकल्या, शेव असे टिकाऊ फराळाचे पदार्थ आधी मांडतात. उंच ताटे मागे व बुटक्या वाट्या पुढे, म्हणजे एकाने दुसरे झाकले जात नाही. रसाळ फळांची पाळी शेवटी येते. कलिंगडाला कातरून कमळाचा आकार देतात, काकडीच्या चकत्या रचतात. चिरलेले फळ उघडे राहिले, तर त्यावर माश्या बसतात. म्हणून पाहुण्यांची वेळ झाली, म्हणजेच ते कापतात. समोर चैत्रांगणाची रांगोळी रेखतात. तीत गौरीसह सूर्य, चंद्र, शंख, कासव अशी चिन्हे असतात.

या आराशीचा खरा मान मात्र कैरीची डाळ आणि पन्हे यांचा. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून भरड वाटतात. तीत किसलेली कैरी, मीठ, साखर, मिरची व ओले खोबरे घालून वर मोहरी-हिंगाची फोडणी देतात. उकडलेल्या कैरीचा गर, गूळ, चिमूटभर मीठ व वेलदोडा पाण्यात कालवला की पन्हे तयार होते. घामावाटे शरीरातील पाणी व मीठ निघून जाते. पन्ह्यातून ती दोन्ही परत मिळतात. डाळीतील कच्च्या कैरीत क जीवनसत्त्व असते, तर डाळीतून प्रथिने लाभतात. भिजवलेली डाळ उन्हाळ्यात लवकर आंबते. म्हणून ती त्याच दिवशी करून त्याच दिवशी संपवावी लागते. पन्ह्याचे पाणीही स्वच्छ असावे लागते. जाताना प्रत्येकीची ओटी भिजवलेल्या हरभऱ्यांनी भरतात.

एवढ्या मायेने मांडलेल्या या आराशीपुढे पूर्वी एक उणीव असे. पती निवर्तलेल्या स्त्रीला हळदीकुंकवाचे आमंत्रण नसे. जिने पहाटे उठून डाळ वाटली, लाडू वळले, तीच आजी वा काकू संध्याकाळी आतल्या खोलीत बसून राही. ही रीत अन्यायाची होती आणि ती अजून सर्वत्र नाहीशी झालेली नाही. परंतु ती मोडणारे लोकही पुढे आले आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवांना कमी लेखणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही त्याचा कित्ता गिरवावा, असे आवाहन केले. आज पुष्कळ घरी सर्व स्त्रियांना सारख्याच आदराने बोलावतात.

गौर माहेरवाशीण होऊन येते, ती चार मायेची माणसे भेटावीत म्हणून. तिच्यापुढे पदार्थ किती मांडले, हे पाहण्यापूर्वी तिच्या दारी कोण यायचे राहिले, हे पाहावे. पन्ह्याचा पहिला पेला त्या घरी नेऊन द्यावा आणि आग्रहाने बोलावून आणावे. मग आराशीत एखादा लाडू कमी असला तरी चालेल.

स्वाध्याय

१. चिरलेली फळे आराशीत शेवटी का मांडतात?
२. उन्हाळ्यात पन्हे हितकर का ठरते?
३. हेरवाड गावाच्या ठरावाचे महत्त्व तुमच्या शब्दांत लिहा.
४. वाक्यांत उपयोग करा : कित्ता गिरवणे, कमी लेखणे, हात लावणे.
५. तुमच्या घरच्या सणाला आजवर कोणास बोलावले गेले नाही, याची वडीलधाऱ्यांशी चर्चा करा.