वस्त्र आणि तंतू

श्रींस अर्पण होणारे वस्त्र तंतूंचेच असते. मग तंतूंहून निराळे असे ‘वस्त्र’ काही असते काय? न्यायदर्शनाचे उत्तर होकारार्थी आहे. तंतू हे अवयव, वस्त्र हा अवयवी. दोन्ही भिन्न असून समवायसंबंधाने एकत्र राहतात. घागर काठाला धरली तरी सबंध उचलली जाते. वाळूची रास एका कणाला धरून उचलता येत नाही. मात्र वस्तू दोन, तर वजन दुप्पट का भरत नाही, हा प्रतिपक्षाचा आक्षेप सहज टळणारा नव्हे.

आद्य शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात समवायच नाकारला. घडी उलगडली की वस्त्राची लांबी-रुंदी कळते, वस्त्र मात्र तेच असते. तद्वत तंतूंत अव्यक्त असलेले वस्त्र माग, धोटा व विणकर यांच्यायोगे प्रकट होते.