व्याजाविना घर : तयारी कोठून सुरू करावी?

पवित्र कुरआनमध्ये अल्लाहने मानवावरील आपल्या कृपांचा उल्लेख करताना घराचाही उल्लेख केला आहे. सूरह नहलमध्ये (१६:८०) त्याने घराला विसाव्याचे स्थान म्हटले आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनीही सदाचारी पत्नी आणि चांगला शेजारी यांच्याबरोबर ऐसपैस घराची गणना माणसाच्या सौभाग्यात केली आहे. म्हणून आपल्या डोक्यावर स्वतःचे छप्पर असावे, ही इच्छा म्हणजे दुनियेची हाव नव्हे. शहरांत केवळ नाव ऐकून भाड्याचे घर नाकारले गेल्याचा अनुभव ज्या कुटुंबाने घेतला आहे, त्याला तर स्वतःच्या घराची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

प्रश्न इच्छेचा नाही, मार्गाचा आहे. बहुतेक घरांत घरखरेदीचा विचार सुरू होतो तोच मुळी एखादी सदनिका पसंत पडल्यावर. हाताशी रक्कम नसते, बिल्डर आठ दिवसांची मुदत देतो, बँकेचा माणूस अर्ज घेऊन दारात उभा राहतो आणि आपण म्हणतो, “काय करणार, मजबुरी आहे.” आजच्या पाठात आपल्याला याच ‘मजबुरी’चा विचार करावयाचा आहे. एक मजबुरी अशी असते की, ती माणसावर अचानक कोसळते. दुसरी मजबुरी आपणच वर्षानुवर्षांच्या गाफीलपणातून वाढवतो. पहिलीसाठी शरीअतमध्ये सवलत आहे. दुसरीसाठी मात्र तयारी हाच उपाय आहे.

आदेश काय आहे?

अल्लाहने व्यापार वैध केला आणि व्याज निषिद्ध केले, हे सूरह बकरामध्ये (२:२७५) स्पष्ट सांगितले आहे. त्याच सूरहच्या २७८ व २७९ या आयतींत उरलेले व्याज सोडून देण्याचा आदेश असून, न सोडणाऱ्यांना अल्लाह आणि त्याच्या प्रेषितांकडून युद्धाचा इशारा दिला आहे. ‘आम्ही व्याज घेत नाही, देतो’ असे म्हणून काही लोक मनाची समजूत घालतात. परंतु सहीह मुस्लिममधील हदीसनुसार व्याज घेणारा, देणारा, त्याचा लेख लिहिणारा आणि साक्षीदार या सर्वांचा प्रेषितांनी (स.) धिक्कार केला आहे.

१९९० साली जेद्दाह येथील आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने घरांसाठीच्या कर्जाचा स्वतंत्र विचार केला आणि व्याजी गृहकर्ज वैध नाही, असा निर्णय देऊन पर्यायी मार्ग सुचवले. याच्या उलट, १९९९ साली युरोपमधील एका फतवा परिषदेने तेथील मुस्लिमांना गरजेच्या आधारे सवलत दिली. तीवर अनेक विद्वानांनी आक्षेप घेतला. शिवाय त्या सवलतीलाही अटी होत्या : घर स्वतःच्या राहण्यासाठी असावे, दुसरे घर नसावे, आणि अन्य मार्गाने ते घेता येईल एवढी जादा संपत्ती जवळ नसावी. तेव्हा कोणाच्या तरी सवलतीचा आधार घेण्यापूर्वी आपली संपूर्ण परिस्थिती, म्हणजे उत्पन्न, दागिने, गावाकडील जमीन आणि सध्याचे भाडे, विश्वासू मुफ्तींसमोर प्रामाणिकपणे मांडावी. अर्धी हकीकत सांगून मिळवलेला फतवा अल्लाहसमोर उपयोगी पडणार नाही.

हिशेब मांडून पाहा

समजा, एखाद्या कुटुंबाने ३० लाख रुपयांचे कर्ज ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतले. मासिक हप्ता सुमारे २७ हजार रुपये होतो. पहिल्या हप्त्यातील २२,५०० रुपये व्याजात जातात आणि मुद्दल फिटते जेमतेम साडेचार हजार. दहा वर्षांत ३२ लाखांहून अधिक रक्कम भरूनही २१ लाखांहून अधिक कर्ज शिल्लकच राहते. वीस वर्षांअखेर बँकेला सुमारे ६५ लाख रुपये दिलेले असतात.

आता दुसरे कुटुंब घ्या. तेही महिन्याला २७ हजारच बाजूला काढते. परंतु १० हजार भाडे देते आणि १७ हजार साठवते. दहा वर्षांत त्याच्याकडे २० लाख ४० हजार रुपये स्वतःचे असतात आणि देणे काहीच नसते. या काळात घरांच्या किमती वाढतील, हे खरे आहे. म्हणूनच बचत नुसती पडून राहू नये. ती वाढेल अशा वैध ठिकाणी ठेवावी. मात्र जो परिवार दरमहा २७ हजारांचा हप्ता भरू शकतो, तो दरमहा बचतही करू शकतो. हप्ता चुकला तर बँक दाराशी येते, बचत चुकली तर कोणी विचारत नाही, फरक एवढाच. ही शिस्त स्वतःच स्वतःला लावणे, हीच तयारीची पहिली पायरी होय.

बचतीची शिस्त

प्रथम जुनी देणी फेडावीत. मृताच्या डोक्यावर कर्ज आहे आणि ते फेडण्यास काही मागे ठेवलेले नाही, हे कळल्यावर प्रेषितांनी (स.) स्वतः जनाजाची नमाज पढवली नव्हती, अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज आपल्या शिरावर घेतले, तेव्हा त्यांनी नमाज पढवली. कर्ज बिनव्याजी असले तरी त्याचे ओझे किती मोठे आहे, हे यावरून कळते.

दुसरे, लग्नातील खर्चाकडे पाहावे. मांडव, रोषणाई आणि तीन-तीन दिवसांच्या दावतींवर जे लाखो रुपये एका आठवड्यात उधळले जातात, तेच नवदांपत्याच्या घराचा पाया होऊ शकतात. निकाह सोपा करणे ही सुन्नत आहे. घराच्या तयारीत तिचा वाटा फार मोठा आहे.

तिसरे, भिशी. आपल्या वस्त्यांतून चालणारी साधी भिशी, जिच्यात प्रत्येक जण सारखी रक्कम भरतो आणि पाळीने किंवा चिठ्ठीने तेवढीच रक्कम उचलतो, ही बिनव्याजी मदतच आहे. परंतु ‘लिलाव भिशी’मध्ये घाई असलेला सभासद कमी रक्कम घेऊन उरलेली इतरांत वाटू देतो. हे व्याजाचेच रूप आहे. तीपासून दूर राहावे.

चौथे, साठलेली रक्कम सोने, स्वच्छ कागदपत्रांचा भूखंड किंवा नफा-तोट्यात भागीदारी असलेला वैध व्यवसाय यांत ठेवता येते. मात्र ‘हलाल’ या शब्दाने भुलू नये. २०१९ साली बेंगळुरूत हलाल गुंतवणुकीच्या नावाखाली चालणारी एक योजना कोसळली आणि हजारो मुस्लिम कुटुंबांची पुंजी अडकली. जो दरमहा मोठ्या नफ्याची हमी देतो, तो व्यापार करत नसून आमिष दाखवतो आहे, असे समजावे.

पाचवे, जकात. राहत्या घरावर जकात नाही. परंतु घरासाठी साठवलेली रक्कम निसाबापर्यंत पोहोचून तीवर चांद्र वर्ष लोटले, तर बहुसंख्य विद्वानांच्या मते तीवर अडीच टक्के जकात आहे. दागिन्यांबाबत हनफी व शाफई मतांत फरक आहे. कोकणातील शाफई बांधवांनी आपल्या आलिमांना विचारावे.

घरापर्यंतचे चार मार्ग

पहिला मार्ग म्हणजे गरजेपुरते घर. प्रेषितांच्या (स.) पत्नींच्या खोल्या कच्च्या विटांच्या आणि खजुराच्या झावळ्यांच्या होत्या. दोन खोल्यांनी भागत असेल, तर तिसऱ्या खोलीसाठी व्याजात पडू नये. म्हाडाच्या सोडतीत अर्ज करावा. आधी भूखंड घ्यावा, मग जमेल तसे बांधावे. आपल्या आजोबांनी गावातील घरे अशीच उभी केली : एका वर्षी जोते, दुसऱ्या वर्षी भिंती, तिसऱ्या वर्षी छप्पर.

दुसरा मार्ग, विक्रेत्याकडून थेट हप्त्यांवर खरेदी. रोखीची किंमत २० लाख आणि पाच वर्षांच्या मुदतीची किंमत २४ लाख असेल, तर बहुसंख्य विद्वानांच्या मते हा वैध व्यापार आहे. पण त्याला अटी आहेत. सौद्याच्या वेळीच एक किंमत आणि मुदत पक्की व्हावी, आणि हप्त्यास उशीर झाला म्हणून किंमत वाढू नये. ‘ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही’ अशा जाहिरातींच्या मागे बहुधा खरेदीदाराच्या नावावरचे बँकेचे कर्जच असते. सही करण्यापूर्वी हे विचारून घ्यावे.

तिसरा मार्ग, घटती भागीदारी. मलेशिया, ब्रिटन आदी देशांत इस्लामी बँका या पद्धतीने घरे देतात : बँक व ग्राहक मिळून घर घेतात, ग्राहक बँकेच्या हिश्श्याचे भाडे देतो आणि हळूहळू तो हिस्सा विकत घेतो. घराची मालकी दोनदा हस्तांतरित होते म्हणून मुद्रांक शुल्क दोनदा पडू नये, यासाठी ब्रिटनने २००३ साली कायद्यात बदल केला. आपल्या देशात २००८ साली रघुराम राजन समितीने बिनव्याजी वित्तसेवेची शिफारस केली होती. पण २०१७ साली रिझर्व्ह बँकेने इस्लामी बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचा निर्णय घेतला.

तरीही हीच पद्धत नात्यात राबवता येते. समजा, २४ लाखांच्या घरात पुतण्याने १२ आणि चाचांनी १२ लाख घातले. घराचे बाजारभावाचे भाडे आठ हजार असेल, तर पुतण्या चाचांना त्यांच्या अर्ध्या हिश्श्याचे चार हजार देईल आणि सवडीनुसार त्यांचा हिस्सा विकत घेत जाईल. चाचांना मिळते ते त्यांच्या मालकीच्या भिंतींचे भाडे, पैशावरचे व्याज नव्हे. उद्या घर कोसळले तर नुकसानही दोघांचे. व्याजी कर्जात ते एकट्या कर्जदाराचे असते. मात्र असा करार मुफ्तींना आणि वकिलांनाही दाखवावा, कारण मालकीच्या प्रत्येक हस्तांतरावर मुद्रांक शुल्क लागते.

चौथा मार्ग, कर्जे हसना. सधन नातेवाइकाने बिनव्याजी कर्ज देणे ही मोठी नेकी आहे; अडचणीतील ऋणकोला मुदत देण्याची शिकवण कुरआन देतो (२:२८०). परंतु त्यापुढेच २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश आहे. ‘भावाभावांत लिहायचे कसले?’ या संकोचानेच पुढे वारसांत वैर उभे राहते. रक्कम, मुदत आणि साक्षीदार लिहावेत. वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम बँकेमार्फतच द्यावी. एवढे कर्ज रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारातील रोखीलाही हाच नियम लागू आहे.

ज्या खर्चाचा विसर पडतो

घराच्या किमतीखेरीज महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क साधारणपणे ५ ते ७ टक्के पडते. स्त्रीच्या नावे निवासी घर घेतल्यास त्यात एक टक्का सवलत आहे. पण या सवलतीसाठी केवळ कागदावर पत्नीचे नाव लावण्यापूर्वी, घर खरोखर तिचे आहे की नाही, हे घरात स्पष्ट ठरवावे, कारण वारसाहक्काचा प्रश्न त्यावरच ठरेल. शिवाय नोंदणी फी असते आणि बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटीही लागतो. ही रक्कम आधीच धरली नाही, तर अखेरच्या आठवड्यात तेवढ्यासाठी व्याजी कर्ज काढण्याची वेळ येते.

कागद तपासणे हाही तयारीचा भाग आहे. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, तीस वर्षांचा शोध अहवाल आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहावे. नव्या प्रकल्पाची महारेरा नोंदणी पाहावी. नोंदणीकृत करारापूर्वी बिल्डरला दहा टक्क्यांहून अधिक रक्कम मागता येत नाही, हे लक्षात ठेवावे.

ज्यांनी कर्ज घेतलेच आहे

कदाचित आपण हा लेख वाचत असताना आपला हप्ता चालूही असेल. निराश होऊ नका. तौबा करा आणि तौबेला कृतीची जोड द्या. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या गृहकर्जाची मुदतपूर्व फेड केल्यास बँकेला दंड आकारता येत नाही. बोनस, पडून असलेला भूखंड, गरजेपेक्षा अधिक सोने, जे शक्य असेल त्यातून मुद्दल फेडत जा. नातेवाईक बिनव्याजी रक्कम देत असतील, तर तिने बँकेचे खाते बंद करून त्यांचे देणे फेडा. आणि ज्यांना अल्लाहने सुबत्ता दिली आहे त्यांनीही विचार करावा : आपल्या नात्यातील एका घराला व्याजातून सोडवणे आपल्या आवाक्यात आहे काय?

या महिन्याचा गृहपाठ

एका संध्याकाळी इशाच्या नमाजनंतर सर्व कुटुंबीयांनी एकत्र बसावे. एका कागदावर देणी लिहावीत, दुसऱ्यावर दरमहा वाचू शकणारी रक्कम, आणि तिसऱ्यावर आपल्याला खरोखर केवढे घर हवे आहे ते. मुलांनाही जवळ बसवावे. वडील व्याजापासून वाचण्यासाठी दहा वर्षे भाड्याच्या घरात राहिले, हे ज्या मुलाने पाहिले आहे, त्याला हराम आणि हलाल यांतील फरक पुस्तकातून शिकवावा लागणार नाही.

अल्लाह आपणा सर्वांना कर्जाच्या ओझ्यापासून वाचवो आणि ज्यात त्याची बरकत असेल, असे घर देवो. आमीन.