हद्दीचे दगड

सरकारच्या मोजणी खात्यात एकतीस वर्षे चाकरी करून मी पेन्शनीत निघालो, आणि त्या अवधीत बांधांवरून पेटलेले इतके तंटे पाहिले, की बांध कोरणारा मनुष्य एका नांगरटीला चारच बोटे पुढे सरकतो आणि आपण कोरतो आहोत हे पुष्कळदा त्याला स्वतःलाही उमगत नाही, हे मला पक्के ठाऊक झाले होते. तरीही एका दुःखी माणसाच्या आयुष्याचा बांध मी स्वतःच चौदा महिने कोरीत होतो, ही गोष्ट माझ्या ध्यानात यायला त्याला रुग्णालयाच्या खाटेवर पडावे लागले.

माझे दुखणे जुने. घरची माणसे निजल्यावर अंधारात उभ्याने शेवेचा डबा रिता करावा, कचेरीत पेढ्यांचे पुडे जुन्या टिपणांच्या गठ्ठ्यांमागे दडवावेत, आणि सकाळी वाटलेली लाज बुडविण्यासाठी दुपारी पुन्हा खावे, असा तो क्रम होता. मद्यमुक्तीसाठी अमेरिकेत 1935 साली निघालेल्या 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'चा मार्ग 1960 साली लॉस एंजेलिसच्या तीन स्त्रियांनी अतिखाण्याला लावून पाहिला व त्यातून 'ओव्हरईटर्स अ‍ॅनॉनिमस' उभी राहिली; त्याच धर्तीवर चालणाऱ्या एका लहानशा मंडळाने मला सावरले. तेथे जुन्याने नव्याचा हात धरावा असा प्रघात आहे. परंतु मद्यपी पेल्याला कायमची रजा देऊ शकतो. आम्हांला मात्र ज्याचे भय त्याच ताटापुढे दिवसातून दोनदा बसणे भाग असते, आणि म्हणूनच हात धरणाऱ्याला प्रत्येक घासापाशी ढवळाढवळ करण्याची संधी मिळते. ती मी सोडली नाही.

माझ्याकडे आलेला तरुण वयाने माझ्या मुलाएवढा. "काका, अर्धी वाटी भात घेतला तर चालेल ना?" असे तो विचारी, मोबाईलवर ताटाचे छायाचित्र धाडी, आणि मी एखाद्या अर्जावर शेरा मारावा तशी मंजुरी देई. रात्री अकराला फोन आला तरी मला कंटाळा येत नसे. उलट एखाद्या रात्री आला नाही, तर चुकल्याचुकल्यासारखे होई. "अहो, तुमचं ताट निवतंय," एवढेच पत्नी म्हणे, आणि मी हाताने तिला थोपवीत असे.

एके दिवशी त्याने शपथ घालून सांगितले, की खाल्लेले तो घशात बोटे घालून बाहेर काढतो. माझ्यावर एवढा विश्वास टाकला, या अभिमानाने मी ती गोष्ट तीन आठवडे पोटात ठेवली. मग तो घेरी येऊन पडला. वारंवार वांती केल्याने रक्तातील पोटॅशियम घटते आणि हृदयाची लय बिघडू शकते, हे डॉक्टरांनी मला शांतपणे समजावले व विचारले, "तुम्हांला हे माहीत होतं?" तो वाचला. त्या रात्री मी घरी येऊन उभ्याने सगळा डबा संपविला, आणि रिकाम्या डब्याकडे पाहताना कळले, की त्याच्या फोनची मी वाट पाहत होतो तीदेखील भूकच होती.

म्हणून या कामात पडणाऱ्यांना सांगणे असे, की पहिल्याच भेटीत, नाते गोड असतानाच, चतुःसीमा बोलून घ्यावी: आठवड्यातून किती वेळा, कोणत्या वेळी, किती मिनिटे. नंतर घातलेली मर्यादा समोरच्याला शिक्षेसारखी वाटते. ताटात काय असावे हे आहारतज्ज्ञावर सोपवावे; वजनाविषयी चकार शब्द काढू नये, स्तुतीचासुद्धा. गुप्ततेचे वचन द्यावे, पण वांती, उपासमार, जुलाबाची औषधे, चुकविलेले इन्शुलिन किंवा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा यांना ते लागू नाही, हे आधीच सांगून ठेवावे. अशा वेळी त्याला बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जावे, रागावला तरी. रात्री त्याने कोणाला हाक मारावी, असा प्रश्न उरतो. त्यासाठी सरकारच्या 'टेलि-मानस'चा 14416 हा क्रमांक अहोरात्र चालू असतो, तो त्याच्याजवळ असू द्यावा. उसनवारीचा विषय तर निघूच देऊ नये. त्याचा तपशील मी येथे देत नाही. आणि आपला तोल गेला, तर तसे मंडळात कबूल करून त्याला दुसऱ्या सोबत्याच्या हवाली करावे. हे मला सर्वांत जड गेले.

तो दुसऱ्याकडे गेला. आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. पुढे सहा महिन्यांनी त्यानेच पुन्हा विचारले, आणि आता सोमवारी व गुरुवारी सायंकाळी सातला वीस मिनिटे आम्ही बोलतो. परवा बुधवारी रात्री साडेनऊला, पाने मांडली असताना, त्याचा फोन वाजला. माझा हात उचलला गेला होता. दोनदा वाजून तो थांबला, आणि थोड्या वेळाने निरोप आला, "उद्या सातला बोलू, काका." पत्नीने काही न बोलता माझ्या वाटीत आमटी वाढली, ती चांगली कढत होती.